अकरा ते तीनचा खड्डा

सुभेदार हंबीरराव पवार यांच्या घरात दिवा लावायला बंदी नव्हती. फक्त का लावला, ते सांगावे लागे. फौजेत अठ्ठावीस वर्षे काढून ते कुंडलला परतले, तेव्हा हुकूम द्यायला हाताखाली कंपनी उरली नव्हती. उरले होते तीन पंखे, नऊ दिवे, एक फ्रीज आणि बनुबाई. यांपैकी पंखे, दिवे आणि फ्रीज लवकर शिस्तीत आले.

"आगं, आधी काय काढायचं ते ठरव, मंग फ्रीज उघड," सुभेदार सांगत. "दार उघडं टाकून इचार करायचा न्हाई. सगळी थंडी भाईर जाती."

"आवं, आत काय हाय ते उघडल्याबिगर कसं कळायचं?"

"दारावर यादी लाव."

दारावर यादी लागली. मोरीतला दिवा उगाच जळत राहिला की पुढच्या सोप्यातून सुभेदारांची शिट्टी वाजे. नवरा सरहद्दीवर असताना बनुबाईंनी हेच घर अठ्ठावीस वर्षे एकटीने आणि बिनशिट्टीचे चालवले होते. पण म्हाताऱ्या माणसाला काहीतरी चाळा हवाच, असे म्हणून त्या सोडून देत.

फेब्रुवारीत गच्चीवर सोलर बसले. सहा काळीभोर पॅनेल, गल्लीतली पहिलीच. बसवणारा पलूसचा अमृत, तिशीतला, हाताचा चोख, पण एका वेळी तीन गावांत काम घेतलेला. त्याने सुभेदारांच्या फोनमध्ये अ‍ॅप घातले, विजेची रेघ कशी वाचायची ते शिकवले, आणि तेवढ्यात बुर्लीहून बोलावणे आले म्हणून अर्धा चहा ठेवून पळाला. त्याच आठवड्यात मिरजेला सुभेदारांचा गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी तीन महिने जिना चढायचा नाही अशी ताकीद दिली. त्यामुळे आपल्याच गच्चीवरचे सोलर सुभेदारांना दिसे ते फक्त फोनमध्ये.

पण फोनमध्ये ते दिवसभर दिसे. सकाळी सातला रेघ जमिनीवरून उठे, बाराला माथ्यावर चढे आणि सहाला खाली येऊन बसे. संध्याकाळी शेजारच्या लालासाहेबांच्या कट्ट्यावर सुभेदार त्याचा रिपोर्ट देत. "आज तेरा युनिट." मार्चमध्ये एकदा दुरुस्तीसाठी कुंडलची लाईट दिवसभर बंद होती. त्या दिवशी तर त्यांनी छाती काढून सांगितले, "गावात लाईट न्हाई, पर आपला सूर्य ड्यूटीवर हाय. चौदा युनिट." ऐकणारे थक्क झाले. त्या दिवशी सुभेदारांच्याही घरचा पंखा फिरला नव्हता, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. त्यांच्या घरचा पंखा बंद असणे ही काही बातमी नव्हती.

अशा रिपोर्टांनी गल्लीतली बारा घरे सोलर घ्यायला तयार झाली. एप्रिलमधल्या एका रविवारी सगळ्यांनी सुभेदारांच्या अंगणात जमायचे आणि अर्ज भरायचे ठरले. आणि त्याच्या बरोबर दहा दिवस आधी रेघेत खड्डा पडला.

खड्डा विचित्र होता. सकाळी रेघ झकास चढे. अकराला कुणी पाय ओढल्यासारखी खाली बसे. तीन वाजून गेले की पुन्हा उठे. ऊन मी म्हणत असताना वीज गायब आणि ऊन उतरल्यावर हजर.

"अकरा ते तीन," सुभेदार फोन बनुबाईंच्या डोळ्यांपुढे धरून म्हणाले. "रोज. एक मिनिट इकडं न्हाई, तिकडं न्हाई. ह्याला कायतरी कारण असणार."

बनुबाईंच्या हातातले उलथने हातातच राहिले. कारण अकरा ते तीन गच्चीवर काय असते, ते जगात फक्त त्यांनाच ठाऊक होते.

पवारांची गच्ची म्हणजे पंचवीस वर्षे वाळवणाची गच्ची. चैत्र लागला की पापड, कुरडया, सांडगे, सगळे तिथेच. पॅनेल आली आणि उन्हाची निम्मी गच्ची त्यांनी खाल्ली. उरलेल्या निम्म्यात पाण्याची टाकी आणि तिची सावली. बनुबाई याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. पण पुण्याची नात सृष्टी फोनवर म्हणाली, "आज्जी, यंदा कुरडया कधी पाठवणार?" आणि त्यांचा जीव राहिला नाही. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून त्यांनी कुरडया घातल्या आणि जागा शोधत वर गेल्या. समोर सहा स्वच्छ, उतरत्या, तापलेल्या काचा. त्यांनी दोन पॅनेलांवर जुनी सुती लुगडी अंथरली, टोके दगडाने दाबली आणि वर कुरडया मांडल्या. दुपारी तीनला त्या खडखडीत वाळल्या होत्या. एरवी दोन दिवस लागतात. धूळ नाही, मुंग्या नाहीत, कावळाही त्या घसरड्या काचेवर टिकत नव्हता.

सुभेदारांचा हुकूमच होता, जड कामे उन्हात करायची, अकरा ते तीन. मिक्सर, मोटर, इस्त्री, सगळे तेव्हाच. बनुबाईंनी तो पाळला एवढेच. कुरडया हेही काही हलके काम नव्हते.

उन्हाची वीज होते हे त्यांना माहीत होते. पण एवढ्या थोरल्या सूर्याला दोन लुगड्यांनी काय फरक पडतोय, असे त्यांना वाटले होते. आता फोनमधल्या खड्ड्यात त्यांना तो फरक दिसला. सांगून टाकावे असे मनात आले. तेवढ्यात सुभेदार म्हणाले, "ज्यानं कुणी ह्यो घोळ घातलाय, त्याला मी सोडणार न्हाई." मग त्या म्हणाल्या, "भाकरी वाढू का?"

शिवाय घरात शेवटचा गहू भिजलेला होता. भिजलेला गहू काही थांबत नाही. एवढा हप्ता उरकला की बंद, असे त्यांनी देवाला सांगितले. देवाला सांगणे सोपे होते, तो शिट्टी वाजवत नाही.

सुभेदारांनी अमृतला बोलावले. तो एकदा संध्याकाळी पाचला आला, एकदा सकाळी आठला. दोन्ही वेळा वर जाऊन आला आणि म्हणाला, "काका, समदं ओके हाय."

"दुपारी ये की."

"दुपारी मानसं जेवून झोपत्यात वो, काका."

"सूर्य झोपतो का?"

अमृतने मान खाजवली. "मंग सावली पडत असंल कशाची तरी."

सावली हा शब्द सुभेदारांच्या डोक्यात शिरला आणि तिथेच बसला. त्यांनी खिडकीतून पाहिले. पलीकडे लालासाहेबांच्या परड्यातला पायरी आंबा उभा होता. त्याची सगळ्यात मोठी फांदी सुभेदारांच्या गच्चीच्या अंगाला झुकलेली होती, कैऱ्यांनी लगडलेली.

लालासाहेब म्हणजे सुभेदारांचा शाळेपासूनचा सोबती. सुभेदार काश्मिरात असताना बनुबाईंच्या घरी पाहुणा आला, पोर आजारी पडले, विहिरीची मोटर बिघडली, की पहिला धावून येणारा लालासाहेब. पायरीचे ते झाड त्यांच्या आईने कोय टोचून लावलेले होते. दर वर्षी पहिली कैरी पवारांच्या घरी लोणच्याला येई.

"लाला, तुझी फांदी माझी वीज खाती," सुभेदार कट्ट्यावर बसत म्हणाले.

"हंबीर, डोकं ठिकाणावर हाय का? बारा वाजता सावली झाडाच्या बुडात पडती. तुझ्या गच्चीवर कशी येईल?"

"मला इचारू नको. ह्याला इचार." सुभेदारांनी फोन पुढे केला.

लालासाहेबांनी चष्मा लावून खड्डा पाहिला. फोनशी वाद कसा घालायचा हे त्यांना माहीत नव्हते. खरे तर कुणालाच माहीत नव्हते. मग ते झाडाकडे वळले.

"रविवारी बारा घरं येणार, व्हय?"

"बारा. ह्यो खड्डा बघितला तर एक बी फारम भरायचं न्हाई. म्हणतील, सुभेदारानं थापा मारल्या."

"मंग काप जा फांदी," लालासाहेब म्हणाले. "शनिवारी गुंडाला बोलीव. आई असती तर तीबी न्हाई म्हणाली नसती. तुझ्यावर लय जीव हुता तिचा."

ते उठून आत गेले आणि त्या संध्याकाळी पुन्हा कट्ट्यावर आले नाहीत. बनुबाईंनी हे सगळे परसातून ऐकले. मोठी फांदी म्हणजे निम्मे झाड. आपल्या दोन लुगड्यांपायी ते जाणार होते. त्या रात्री त्यांना भाकरी गोड लागली नाही.

शुक्रवारी शेवटच्या कुरडया डब्यात गेल्या. बनुबाईंनी लुगडी धुतली, काचा ओल्या फडक्याने पुसल्या आणि मनाशी हिशेब जुळवला. शनिवारी पॅनेल मोकळी असणार. अकरा वाजले की रेघ सरळ वर जाईल, सुभेदार खूश होतील, झाड वाचेल आणि कुणाला काही कळायचे कारण नाही. फक्त गुंडाला बारापर्यंत थोपवून धरायचे.

शनिवारी साडेनऊला गुंडा लाकूड कापायचे मशीन खांद्यावर टाकून आला. बनुबाईंनी त्याला चहा दिला. मग पोहे दिले. मग पोहे कसे झालेत विचारून आणखी दिले.

"काकू, बास. ह्या पोटानं झाडावर चढाय यायचं न्हाई."

"आरं, खा रं. धाकटा पोरगा काय करतोय तुझा?"

गुंडाने धाकट्या पोराचे सांगितले. मग बनुबाईंनी थोरल्याचे विचारले, मग दोन्ही पोरींचे. साडेदहाला अमृत आला. फांदी पडल्यावर रेघ सरळ होते का, हे बघायला सुभेदारांनी त्याला साक्षीदार म्हणून बोलावले होते. लालासाहेब आपल्या दारात पाठ फिरवून उभे होते. बनुबाईंनी अमृतलाही पोहे दिले.

अकरा वाजले. सुभेदार खुर्चीत फोन धरून बसलेले. बनुबाई त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. सव्वाअकराला रेघ थरथरली आणि खाली बसली.

बनुबाईंना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. वर काही नव्हते. सकाळी स्वतः पुसून आल्या होत्या.

"पडला खड्डा," सुभेदार उठले. "बघितलंस अमृत? गुंडा, चढ वर."

गुंडा दोर कमरेला बांधून झाडावर चढला. मशीनची दोरी ओढली. मशीन घुरघुरले, बंद पडले. दुसऱ्यांदा ओढली, आणि ते चालू झाले. लालासाहेबांनी दारातच डोळे मिटून घेतले. ते बघितले आणि बनुबाईंचे हिशेब, शिट्टीची भीती, सगळे एकदम सुटले.

"गुंडा, मशीन बंद कर," त्या ओरडल्या. "झाडाचा काय गुन्हा न्हाई. खड्डा मी पाडलाय."

मशीन थांबले. सगळी गल्ली थांबली.

"तू?" सुभेदार म्हणाले.

"धा दीस झालं, तुमच्या काचांवर कुरडया वाळवतीया. अकरा ते तीन. सृष्टीनं मागितल्या हुत्या. गच्चीत दुसरीकडं ऊन कुठं ठिवलंय तुमी? झाडाला हात लावू नका. मला काय बोलायचं ते बोला."

सुभेदारांनी खिशातली शिट्टी चाचपली आणि तशीच राहू दिली. एवढ्या मोठ्या गुन्ह्याला शिट्टी पुरेशी नव्हती. लालासाहेब अंगणात आले होते. ते बनुबाईंकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता.

"अमृत, वर जा," सुभेदार शेवटी म्हणाले. "त्या कुरडया आधी उचल."

अमृत दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. थोड्या वेळाने त्याचे डोके कठड्यावरून दिसले.

"काका, हितं एकबी कुरडई न्हाई. काचा आरशावानी चमकत्यात."

"म्हंजी?"

"आवं, आज घातल्याच न्हाईत," बनुबाई म्हणाल्या. "कालच संपल्या."

सगळ्यांनी सुभेदारांच्या हातातल्या फोनकडे पाहिले. खड्डा होता तिथेच होता. वर कुरडया नाहीत, सूर्य डोक्यावर, झाडाची सावली झाडाच्या बुडात. तरी खड्डा.

"सुभेदारसायब, मी उतरू का वरच ऱ्हाऊ?" झाडावरून गुंडाने विचारले.

जिन्याच्या माथ्यावर इन्व्हर्टर होता. त्याच्या अंगावर छोटी खिडकी, आणि तिच्यात आकडे. अमृतने ती खिडकी वाचली. पुन्हा वाचली. मग खाली न बघताच विचारले, "काका, फोनवर आत्ता किती दिसतंय?"

"अर्धा किलोवॅट."

"हितं अडीच दिसतंय."

"मंग त्यो डबा बिघडलाय."

"डबा न्हाई बिघडला." अमृत हळूहळू खाली आला. त्याने फोन हातात घेतला, वरची बारीक अक्षरे वाचली आणि पायरीवर बसला. "काका, वर माझं नाव हाय की वो."

"ते तर पयल्या दिवसापासनं हाय. मी म्हटलं, पेंटर भिंतीवर टाकतो तसं बसवणाऱ्याचं नाव टाकत असत्याल."

"आवं, ही तुमच्या घरची रेघ न्हाई. आमच्या घरची हाय. पलूसची. शिकवताना मी माझंच खातं उघडून दाखिवलं, आन् बुर्लीहून फोन आला तसा पळालो. तुमचं जोडायचं ऱ्हाऊनच गेलं."

दोन महिने सुभेदार कट्ट्यावर अमृतच्या घरच्या युनिटांचा रिपोर्ट देत होते. गावात लाईट नसताना ड्यूटीवर असलेला तो सूर्यही पलूसचाच होता. हे सगळे सुभेदारांच्या डोक्यात एकेक करून उतरत गेले.

"मंग तुझ्या घरी खड्डा कशानं?" लालासाहेबांनी नेमके विचारले.

अमृतचे तोंड उतरले. दुसऱ्यांच्या गच्च्या बघता बघता स्वतःची गच्ची बघायला त्याला महिनाभर वेळ मिळाला नव्हता. त्याने घरी फोन लावला. घाईत आवाज मोठा झाला, आणि पलीकडून त्याच्या आईचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"आये, गच्चीवर काय वाळत घातलंयस का?"

"सांडगं. का रं?"

"कुठं घातलंयस?"

"तुझ्या काचांवर. लय झ्याक वाळत्यात बघ. धा दीस झालं, आख्ख्या गल्लीचं वाळवण आपल्याकडंच हाय. अकराला घालायचं, तीनला काढायचं."

पहिल्यांदा लालासाहेब हसले. मग झाडावर गुंडा हसला, आणि फांदी हलून दोन कैऱ्या खाली पडल्या. बनुबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू आवरता आवरता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. किती दिवसांनी त्यांच्या छातीवरचे ओझे उतरले होते. झाड उभे होते आणि आता सांगायचे काही शिल्लक नव्हते. एका सांडग्याने त्यांची सुटका केली होती.

अमृतने तिथल्या तिथे सुभेदारांचे खरे खाते जोडले. दोन महिन्यांची खरी रेघ उघडली. डोंगर होता, चांगला भरघोस. मार्चमधला लाईट नसलेला दिवस सपाट होता. "लाईट गेली की ह्ये सोलर बी बंद ऱ्हातंय, काका," अमृत पुटपुटला. आणि गेल्या दहा दिवसांत, अकरा ते तीन, तिथेही एक खड्डा होता. सुभेदारांनी तो पाहिला, मग बनुबाईंकडे पाहिले. बनुबाई जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या.

"अमृत," सुभेदार म्हणाले, "तुझ्या आईचा खड्डा केवढा हाय आन् आमचा केवढा हाय, बघ. आमच्यात शिस्त हाय. दोनच काचा झाकल्या हुत्या."

आणि फोन खिशात घातला. त्यांच्यापुरता तो विषय तिथेच डिसमिस झाला.

रविवारी बारा घरे जमली. सुभेदारांनी झालेला घोळ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच सांगितला. लपवण्यात अर्थ नव्हता, कारण गुंडाने तो शनिवारीच बसस्टँडवर सांगितला होता. खरी रेघ सगळ्यांना दाखवली, आणि प्रत्येकाने आपापल्या फोनवर आपलेच नाव आहे का ते आधी बघावे, अशी ताकीद दिली. अर्ज पुढे सरकले. तेवढ्यात मागे बसलेल्या बायकांतून एक आवाज आला.

"ते समदं खरं हाय, सुभेदारभावजी. पर बारा गच्च्यांवर काचा बसल्यावर वाळवण कुठं घालायचं, ते सांगा."

पेने थांबली. सुभेदारांनी वाळवणाला तोंड देण्याची तयारी केलेली नव्हती. त्यांनी बनुबाईंकडे पाहिले. बनुबाईंनी लालासाहेबांकडे पाहिले.

"माझी गच्ची मोकळी हाय," लालासाहेब म्हणाले. "मला काय सोलर बसवायचं न्हाई, मला एकट्याला दोन दिवं लागत्यात. आख्ख्या गल्लीचं वाळवण घाला. पयली कुरडई मला तळून द्या म्हंजी झालं."

"पर काका," एक सून चाचरत म्हणाली, "तुमच्या गच्चीवर तर आंब्याची सावली येती की."

लालासाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण त्याआधी सुभेदार खुर्चीतून उठले.

"आगं पोरी," त्यांनी मोठ्या मायेने समजावले, "बारा वाजता सावली झाडाच्या बुडात पडती. एवढं साधं कळत न्हाई व्हय?"

लालासाहेबांनी अर्ज भरणाऱ्यांना पेन पुढे केले, आणि बनुबाई कुरडया तळायला आत गेल्या. जाताना त्यांनी सोप्यातला दिवा लावला. शिट्टी वाजली नाही.